पटावर नसलेली

३ नोव्हेंबर
संस्थेला पन्नास वर्षं होतायत, म्हणून इतिहासाचं दालन माझ्या गळ्यात! नाशिकरोडच्या दोन भाड्याच्या खोल्या नि एक टेपरेकॉर्डर, तिथून आज देशभर केंद्रं. गावोगावच्या शाळांत मुलांचं वाचन तपासायच्या जुन्या पाहण्यांच्या कॅसेटी संगणकावर घेतेय. पहिली कळवणकडची. मुलं एकेक करून धडा वाचतात. शेवटी एक मुलगी अहिराणीत आपला नंबर कधी ते विचारते, “बाई, मना नंबर?” तिथेच टेप बंद. गोड वाटलं.

६ नोव्हेंबर
निफाडच्या कॅसेटवरही तीच! ही पाहणी दहा वर्षांनंतरची. आवाज मात्र तेवढाच लहान.

७ नोव्हेंबर
ओडिशाची कॅसेट. सगळी मुलं ओडियात वाचतात. आणि शेवटी — “बाई, मना नंबर?”
हेडफोन भिरकावलाच.
आमचे संचालक सर म्हणाले, “एका टेपवर दुसरी चढली असेल. तेवढा भाग उडवा.”
उडवला. परत लावलं. आहेच.

११ नोव्हेंबर
नांदगावला सहादूकाकांकडे गेले. पहिल्या पाहणीत टेपरेकॉर्डर तेच सांभाळायचे. त्यांनी आवाज ऐकला आणि चहा खाली ठेवला.
“ही मालन हाय. भावाला कडेवर घेऊन शाळेच्या दारात बसायची. पटावर नावच नाय, मग वाचन कसं घ्यायचं? वाचन घेणाऱ्या आमच्या बाई बोलल्याच नाय तिच्याशी. निघालो पुढच्या गावाला.”
“पुढे काय झालं तिचं?”
“काय म्हाईत! लय वाळलेली पोर होती.”
गावाचं नाव घेऊन आले. येताना गाडीत रेडिओसुद्धा लावू दिला नाही मी.

१४ नोव्हेंबर
मालनबाई जिवंत आहेत! अंगणात मिरच्या निवडत बसल्या होत्या. सुटल्यासारखं झालं; हसूच आलं मला. टेप ऐकवायचं धाडस मात्र झालं नाही. टेपवर मुलं वाचतात तो जुना धडा पुढे केला.
“माले वाचता येत नही, माय.”
“मी वाचते, तुम्ही मागून म्हणा.”
म्हणाल्या. सगळा. डोळे पुसले, मग माझ्यावरच चिडल्या — “इतला उशीर का कया व, बाई?”

१५ नोव्हेंबर
सगळ्या कॅसेटी पुन्हा ऐकल्या. शेवटी नुसती खरखर. गेली ती.

१८ नोव्हेंबर
ओडिशाच्या कॅसेटवर आज एक मुलगा बोलला. हा आधी नव्हता. ओडिशा केंद्रातल्या सहकाऱ्याला फोनवर ऐकवलं, अर्थ विचारला. त्याने पुन्हा एकदा लावायला सांगितलं.
मग म्हणाला, “नंबर कधी येणार, विचारतोय. आणि म्हणतोय, बाहेर अजून खूप जण बसलेत.”