दादा, हूक आणि चारशे व्होल्ट

३ मार्च

दादा बोलत नाही. कारण काय, तर मी त्याला न विचारता बॅटरीवरची गाडी एसीच्या दुरुस्तीला घेतली! परवा बॉनेटमध्ये वाकून म्हणाला, "एसीचा बेल्ट कुठाय?" बेल्ट नाहीच रे बाबा, कॉम्प्रेसर थेट बॅटरीवर फिरतो, या केशरी वायरींतून चारशे व्होल्ट — एवढं सांगितलं, तर फडकं आपटून चालता झाला. महिनाअखेर पलीकडच्या मोठ्या गॅरेजात कामाला जाणार म्हणे. जा! माझं काय अडतंय?

४ मार्च

अडतंय. केशरी वायरींना हात लावणाऱ्याच्या मागे दुसरा माणूस हवाच, असा नियम आहे. शॉक लागला तर त्याने हाताने ओढायचं नाही — दोघंही चिकटतील! वीज न वाहणाऱ्या लांब दांड्याचा हूक कमरेत अडकवून ओढायचं. आणि आमच्या गॅरेजात दुसरा माणूस म्हणजे दादा.

५ मार्च

वहिनीकरवी विचारलं. दादा माझ्यापासून तीन फुटांवर. "त्याला म्हणावं, उभा राहीन. बोलणार नाही." वहिनी वैतागली, "मी काय टेलिफोन आहे का?"

७ मार्च

रबरी हातमोजे चढवले, बॅटरीचा मेन प्लग काढला. वायरींत उरलेला करंट उतरेपर्यंत थांबावं लागतं. दादा मागे हूक घेऊन उभा, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. माझा जीव याच्या हातात, आणि हा माझ्याशी अबोला धरून! शेवटी मीटरवर शून्य आलं. दादाला दाखवलं. मान हलवली, बस्स.

बिघडलेल्या कॉम्प्रेसरचे बोल्ट काढले, तेवढ्यात तो निसटून पायावर पडला. "मेलो!" म्हणून ओरडलो. झालं! मागचापुढचा विचार न करता दादाने हूक घातला आणि ओढत सुटला. थेट रस्त्यापर्यंत! "शून्य आहे रे, शून्य!" मी कोकलतोय, तो ओढतोय. समोरचा न्हावी अर्धी दाढी सोडून धावत आला. मग दादाने माझ्या छातीला कान लावला. मी बोलत होतो, तरी! "जिवंत आहे," न्हाव्याला म्हणाला. मला नाही!

८ मार्च

पाय सुजलाय, कंबर ठणकतेय. वहिनी हसून हसून बेजार.

११ मार्च

नवा कॉम्प्रेसर बसला, गाडी गारेगार. दादा आत जाऊन बसला, बराच वेळ उतरलाच नाही. "आवाजच नाही हिला," असं स्टिअरिंगला म्हणाला. तो गेला तर मला करमायचं नाही, खरं सांगतो. पण आधी मी का बोलू?

१३ मार्च

मोठ्या गॅरेजचा मालक आला. वाटलं, दादाला न्यायलाच आला! तर म्हणतो, "तुझ्या भावाला समजाव की जरा. तुम्ही ती केशरी वायरींची गाडी घेतलीत, त्याच दिवशी फोन करून मला नाही म्हणाला. म्हणे, धाकट्याला एकटं सोडलं तर मरेल एखाद दिवशी."

त्याच दिवशी! आणि मला वर 'महिनाअखेर जाणार'!

आता मीच बोलत नाही त्याच्याशी. निदान चहा होईपर्यंत तरी.