न लिहिलेली चूक

सिस्टर, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. तुमच्या त्या बायकांच्या वॉर्डची इन्चार्ज आता मी आहे. या आठवड्यात जे झालं ते तुम्हाला सांगायचं आहे, पण सुरुवात जुन्या दिवसापासून करावी लागेल.

मी सांगोल्याहून नुकतीच नोकरीला आले होते. घरी मेंढरं, आणि शिकून नोकरीला लागलेली पहिली मुलगी मी. सारख्या आडनावाच्या दोन बायका शेजारशेजारच्या खाटांवर होत्या, आणि एकीचं इंजेक्शन मी दुसरीला दिलं. तिचं तोंड सुजायला लागलं, श्वास घरघरू लागला. पळत सुटावं आणि सरळ एसटी स्टँड गाठावं, एवढंच माझ्या डोक्यात. तुम्ही डॉक्टरांना बोलावून औषधं दिलीत आणि मला तिच्याजवळ बसवलंत. दर पाच मिनिटांनी नाडी बघायची, तिथून उठायचं नाही. दुपारनंतर ती सावरली आणि मलाच म्हणाली, "रडू नगंस पोरी, बरं हाय मला."

मग तुम्ही रिपोर्ट बुक पुढे ओढलंत. मी म्हटलं, "सिस्टर, नका ना लिहू."

"लिहायचं. आज लपवलं, तर उद्या तू मला सांगायला येणार नाहीस."

माझ्या चुकीखाली तुम्ही स्वतःचीही लिहिलीत, नव्या मुलीवर लक्ष ठेवलं नाही म्हणून. मेट्रन तुम्हाला सगळ्यांसमोर बोलल्या. ड्यूटी सुटल्यावर तुम्ही मला सात रस्ता चौकातून रिक्षानं भवानी पेठेत घरी नेलंत. शेजारी माग चालू आहेत, तुमची आई माझ्याकडे बघून तेलुगूत काहीतरी विचारते आहे, आणि तुम्ही हसून टाळता आहात. ऊन भात आणि शेंगाचटणी वाढलीत, पण तो विषय काढला नाहीत. दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर आले. मी नर्स झाले ती तिथून, असं मला वाटतं.

या मंगळवारी माझ्या वॉर्डातल्या नव्या मुलीनं हळूच येऊन सांगितलं, की एका पेशंटची गोळी दुसरीला दिली गेली. पेशंट ठीक होती. त्याच दिवशी वरून तपासणी यायची होती, आठवडाभर आम्ही नुसती रजिस्टरं नीट करत होतो. मान वर न करता मी म्हणाले, "काही झालं नाही ना? मग लिहू नकोस." तिला केवढं हायसं वाटलं.

शुक्रवारी तिच्या हातून इन्सुलिन जास्त गेलं. तिनं कुणालाच सांगितलं नाही. पेशंट निपचित पडलेली दिसली ती नातेवाइकांना. वाचली. चौकशीत मुलीला विचारलं, सांगितलं का नाहीस? ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मंगळवारचं मीही सांगितलं नाही. इन्चार्जला कळवलं नव्हतं, असं लिहिलेल्या कागदावर मी सही केली. खरंच कळवलं नव्हतं. संध्याकाळी ती सामान घेऊन गावी गेली. मी डबा खाल्ला, राउंड घेतला. वाईट वाटायची वाट बघत होते, ते काही आलं नाही.

ही पानं आता कुठं पाठवणार? खरं सांगू का सिस्टर, तुम्ही असतात तर हे मी तुम्हाला सांगितलंच नसतं.