सुगावेतात्यांचे वारस

आळेफाटा,
मंगळवार

आदरणीय दाजींस,

धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे गोकुळचा, वाकून नमस्कार. तुमचा खोकला गेला का? अडुळसा घेता, की नुसता उशाशी ठेवता? इकडे सगळं क्षेम आहे. यातला "आहे" हा शब्द परवाच्या रविवारपासून लिहिता येतोय. त्याआधी बारा दिवस मी पत्र लिहायच्या अवस्थेत नव्हतो.

तुम्हाला ठाऊकच आहे की विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरायचं, म्हणजे वायंडिंगचं, दुकान सांभाळून मी यात्रेचं नाटक लिहितो. (आमच्या सौ. अंजनाच्या मते नाटक सांभाळून दुकान.) यंदा मी हेर सुगावेतात्यांना स्टेजवर आणलं. लहानपणी मुलांच्या मासिकात यायचे ते: आखूड धोतर, भली मोठी छत्री, आणि जन्मात एक चोर सापडला नाही. शेवटी चोरच कंटाळून कबूल व्हायचा. त्यांचे लेखक पंधरा वर्षांपूर्वी वारले, तेव्हा तात्या आता बेवारस, म्हणजे गावचे, असं मी धरून चाललो. आमचा सुभाष एरवी टेम्पो चालवतो, पण छत्री हातात आली की साक्षात तात्या. त्याची तालीम दुकानातल्या पोराने, सूरजने, मोबाइलवर टिपून सगळ्या ग्रुपांवर सोडली आणि आठव्या दिवशी पुण्याच्या वकिलाची रजिस्टर नोटीस आली. लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क वारसांचा, त्यांच्या कन्येची परवानगी नाही, प्रयोग थांबवा, नाहीतर कोर्ट. दाजी, सातबाऱ्याला वारस लागतात हे मला माहीत होतं. छत्री घेऊन हिंडणाऱ्या कागदावरच्या माणसालाही लागतात, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

यात्रा समितीचे सावळारामभाऊ म्हणाले, "त्यात काय राव, नाव बदला!" म्हणून सुगाव्यांचे मागोवे केले. धोतराचा पायजमा केला, छत्री काढून काठी दिली. तालमीला सुभाष काठी टेकत आला, तर पुढं बसलेल्या कुशाबाई (वय ऐंशी, आवाज विशीतला) ओरडल्या, "तात्या, छत्री कुठं इसरला वं?" आणि हा गाढव सवयीनं म्हणाला, "घरी ऱ्हायली, काकू." तिथंच मागोवे संपले.

मग वकिलाची मनधरणी करून मी त्या कन्येचा, मोहिनीताईंचा, नंबर मिळवला. शटर अर्धं ओढून फोन लावला. पाठ केलेली सगळी कायद्याची वाक्यं ऐन वेळी पळाली आणि तोंडातून खरं तेच निघालं. आमच्या आप्पांना वाचता येत नव्हतं, ते मला शेजारी बसवून तात्या वाचायला लावायचे, आणि चोर निसटला की मांडीवर थाप मारून म्हणायचे, "परत वाच." मी अक्षरं जोडायला शिकलो तो असा. मग त्या म्हणाल्या, "तालीम कधी आहे? मी येते."

आल्या. सत्तरीच्या, ताठ बसणाऱ्या. समाजमंदिरात खुर्ची दिली, चहा दिला. पहिल्या अंकात ओठ हलला नाही. आणि सुभाषने व्हिडिओत केलं होतं तेच पुन्हा केलं. तात्यांना दारू पाजून झुलवलं. बाई उठून उभ्या राहिल्या. "हे कुणी लिहिलं?"

सुभाष जागच्या जागी शुद्धीवर आला. "ताई, ते म्या मनानं घातलं. लोकं लई हसत्यात म्हणून."

"बाबांनी तात्यांना चोर कधी पकडू दिला नाही," त्या म्हणाल्या, "पण त्यांची लाजही कधी जाऊ दिली नाही. तो व्हिडिओ पाहून मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही हो."

मला एकदम वाटलं, कुणी आमच्या आप्पांना असं झुलवलं असतं तर? मी वहीतलं ते पान सर्वांसमोर फाडलं. (सुभाषने ते मनानं केलं होतं, त्यामुळे पान भलतंच फाटलं, पण भावना पोचली.) बाई खाली बसल्या. पुढं तात्यांच्या लग्नाचा प्रवेश आला आणि त्या चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "बाबांकडून यांचं लग्न राहूनच गेलं होतं. बरं झालं, तुम्ही उरकलंत." लगेच स्वतःच्या हाताने परवानगी लिहून दिली: फक्त याच यात्रेपुरती, बाबांचं नाव बोर्डावर ठळक, आणि तात्यांना चहाच.

रविवारी छत्रीसकट प्रयोग झाला, पाच गावची माणसं लोटली. मी पडद्यामागं बसून बारा दिवसांत पहिल्यांदा पोटभर भाकरी खाल्ली. दाजी, सुटलो!

पत्र वाचून झाल्यावर औषध घ्यावं, ही विनंती.

तुमचा,
गोकुळ

ता. क. लग्नाच्या प्रवेशात नवरदेव करवल्यांनी पळवलेल्या बुटांचा माग काढत शेजारच्या मांडवात शिरतो, तिथं पाहुणा समजून त्याला पंगतीला बसवतात, आणि इकडे भटजी अंतरपाट धरून ताटकळतात. हे कुणाचं, असं मोहिनीताईंनी विचारलं. मी "घरातलं" म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग ज्याचं आहे त्याला विचारा." सोबत कागद जोडला आहे. फुलीपाशी सही करावी आणि तारीख प्रयोगाच्या आधीची घालावी.

ता. ता. क. तुम्ही त्या पंगतीत जिलेबी दुसऱ्यांदा मागितल्याचं मी रचलेलं नाही, ते आमच्या ताईनं, म्हणजे तुमच्याच घरातून, सांगितलं. साक्षीदार म्हणून तिची सही झाली आहे. तुम्हाला सांगून निघाली तरी रविवारी ती लेण्याद्रीला गेली नव्हती, इथं प्रयोगाला होती.