किडकी मोसंबी

२ मे १९७१, रविवार. बेलापूर.

साखर कारखान्याचा सीझन संपला. सहा महिने काट्यावर बसून उसाच्या गाड्या तोलल्या. आता रजा.

डॉक्टरांनी लघवी निळ्या औषधात घालून उकळली. निळीच राहिली तर बरं असतं म्हणे. नारिंगी झाली. मधुमेह. सतरा तारखेला पुन्हा पाहणार. तेव्हाही सुधारणा नसेल तर रोज इंजेक्शन. जन्मभर.

सुईला मी भीत नाही. मला ती आवडत नाही, एवढंच. शाळेत देवी टोचायला आले तेव्हा मी कडब्यामागे होतो, पण ते कामासाठी.

निश्चय : गोड बंद. आजपासून.

दुपारी बुंदीचा एक लाडू. डब्यात एकच उरला होता, मुंग्या लागल्या असत्या. आजपासून म्हणजे उद्यापासून धरावं.

४ मे, मंगळवार.

नगरला प्रदर्शन भरलं आहे. आकाशपाळणा आला आहे. लंकीला (मुलगी, तिसरीत) पाळण्याचं वचन दोन वर्षांपूर्वी दिलेलं. मी वचन मोडत नाही. पथ्यही मोडणार नाही. हॉटेलात पैसेही घालणार नाही. तिन्ही गोष्टी एकदम साधणारी योजना सुचली : सगळ्या घराने माझंच पथ्य पाळायचं, आणि खाणं घरून न्यायचं. ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, काकडी, फुटाणे. उतरायचं मेहुण्याकडे. स्वस्त आणि शास्त्रीय.

घरात कोणी उत्साह दाखवला नाही. नव्या विचारांचं असंच होतं.

८ मे, शनिवार.

भाकऱ्या तोलून बांधल्या. त्यासाठी छोटा तराजू आणला. मालन म्हणाली, "कारखान्यात शेतकऱ्याचा काटा मारता, त्येवढ्यानं भागत न्हाई व्हय? आता आमचा मारा." बायकोने असं बोलावं! आमच्या काट्याबद्दल लोक काहीही बोलतात. चौकशी झाली होती, त्यात काही निघालं नाही.

आईही उलटली. "मला कशाची आलीय शुगर? मी काय उसाची मोळी हाय, तोलाया?"

माझी भाकरी तोलली नाही. मला नजरेचा अंदाज आहे.

पथ्याचं फळ म्हणून दोन डझन मोसंबी घेतली. ती फक्त माझ्यासाठी. डॉक्टरांनी अर्ध्या फळाची परवानगी दिली आहे.

९ मे, रविवार. रात्री. नगर.

गाडीत मटकी फसफसली. वांबोरीच्या अलीकडे डबा आपोआप उघडला. समोरच्या बाईंनी लुगडं सावरलं. मटकी खिडकीतून टाकली. मग सगळ्यांना फुटाणे वाटले. आईला दात नाहीत हे योजनेत आलं नव्हतं.

त्याआधी राहुरीला मी पाणी भरायला उतरलो. गाडी सुटता सुटता चढलो. मिशीला काय लागलं, असं मालनने विचारलं. धूळ, म्हटलं. लंकी म्हणाली, "नाना, धुळीला येलदोड्याचा वास येतो व्हय?"

या मुलीला वेळीच वळण लावलं पाहिजे.

१० मे, सोमवार.

मेहुणा रंगनाथ जुना माणूस. त्याने आमरस केला. पाहुण्याने नको म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. तीन वाट्या. शिवाय आंबा हे फळ आहे, आणि फळाला परवानगी आहे. मालन, आई, लंकी यांना भाकरी तोलून दिली. त्यांचा अपमानाशी संबंध नाही, त्या घरच्याच.

रंगनाथ म्हणाला, "दाजी, ह्यो तराजू घरी ठिवायचा हुता. आमी पाव्हण्याला जोखून वाढत न्हाई." आणि लंकीच्या ताटात रसाची वाटी ठेवली. मी तिच्याकडे पाहिलं. तिने वाटी परत सारली. शिस्त येत आहे.

मालन दुपारभर बेपत्ता. रंगनाथची बायको कलाबाई दवाखान्यात नर्स आहे, तिच्याबरोबर गेली होती. बायकांना गप्पा मारायला कुठलीही जागा चालते.

११ मे, मंगळवार.

मोसंबी किडकी निघाली. सालीवर बारीक भोकं. रस गळून पिशवी ओली. एक चाखून पाहिलं, केवळ तपासणी म्हणून. पाणचट. बेलापूरच्या फळवाल्याला इथूनच शिव्या दिल्या. तालुक्याचा ऊस माझ्या नजरेखालून जातो आणि हा मला किडका माल देतो! मालनने मान खाली घालून ऐकून घेतलं. तिचे खांदे हलत होते. माझा संताप तिला सहन होत नाही.

१२ मे, बुधवार. प्रदर्शन.

गर्दी. खाण्याची दुकानंच दुकानं. लंकीने भेळ मागितली. मी तिला फुटाणे दिले आणि भेळेत मुख्यतः हवा असते हे समजावलं. आईने कुल्फीकडे पाहिलं. तिला काकडी दिली.

मग तिघींना पाळण्यात बसवलं. पिशवी सांभाळायला कोणीतरी खाली लागतंच.

शेजारी रसवंती. एक ग्लास घेतला. यामागे विचार आहे. शंभर किलो उसातून साखर निघते अकरा किलो. आम्ही याला रिकव्हरी म्हणतो. म्हणजे ग्लासात बाकी सगळं निरुपद्रवी. डॉक्टरांना कारखान्याचा अनुभव नाही. दुसराही ग्लास त्याच हिशेबाने.

पलीकडे जिलबी. तूप वापरतात की डालडा, याची पाहणी केली. पहिल्या पावशेरात खात्री होईना.

वरून लंकीने हाक मारली. मी हात हलवला. दुसऱ्या हातात कागद होता.

खाली आल्यावर लंकी म्हणाली, "नाना, वरनं समदं दिसतं. चांदबिबीचा म्हालबी दिसतो." सहलीने ज्ञान वाढतं ते असं. मालन म्हणाली, "आणखी एक डाव बसू." तिला पाळण्यात चक्कर येते. तरी बसली. मग आईही म्हणाली, "मलाबी अजून बघायचंय." वर गेल्यावर तिघी सारख्या हसत होत्या. एकीनेही खायला मागितलं नाही.

योजना यशस्वी. आणखी पाहणी केली. डालडाच.

१४ मे, शुक्रवार. बेलापूर.

परत. एकदाही हॉटेलात पाय ठेवला नाही. (जिलबी उभ्याने.) तहान फार लागते. उन्हाळा.

मालनला म्हटलं, सोमवारी बघ, निळी येते की नाही. ती म्हणाली, "बघू की." आवाजात पुरेसा विश्वास वाटला नाही.

१७ मे, सोमवार. सकाळी.

कालपासून मेथी, कडुनिंब, कारल्याचा रस. दोन आठवड्यांची कसर एका दिवसात भरून निघते. सीझनअखेरी आम्ही असंच करतो.

संध्याकाळी.

विटकरी.

औषध बिघडलं असेल, असं डॉक्टरांना सुचवलं. त्यांनी स्वतःची लघवी तपासून दाखवली. निळी.

रोज दवाखान्यात येणार की घरी कोणी टोचणारं आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घरी कोणी नाही, तेव्हा इंजेक्शनचं राहू द्या. मालन म्हणाली, "मी हाय की."

१८ मे, मंगळवार.

मालनने ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेली काचेची सिरिंज काढली. उकळली. डॉक्टर बघायला आले होते. मी डोळे मिटले, दात आवळले आणि टोच म्हटलं. ती म्हणाली, "कवाच झालं."

दुखलं नाही. याचाच राग आला.

डॉक्टरांनी विचारलं, "बाई, कुठे शिकलात?"

"नगरला. भावजयीनं शिकवलं. मोसंब्यावर."

म्हणजे नगरच्या त्या सोमवारी दुपारी. म्हणजे पाळण्याच्या दोन दिवस आधी. तेव्हा मी काही खाल्लंही नव्हतं. (राहुरी आणि आमरस सोडून.) कुणावर विश्वास म्हणून नाही!

मालनने फळवाल्याकडून नवी मोसंबी आणली होती. एक सोलून लंकीला दिलं, एक आईला. तोलली नाहीत. तराजू कुठे आहे, असं मी विचारलं. लंकी म्हणाली, "आईनं माळ्यावर टाकला." दोघी माझ्यासमोर बसून खात होत्या. रस कोपरापर्यंत.

चांगली निघाली असावीत.

उद्या पुन्हा सुई.