आटवलेलं पाणी

४ नोव्हेंबर
नर्स म्हणून पहिली नेमणूक. बोरी अरबहून ऑटोने आले, अंग खिळखिळं झालं, तरी खुशीत आहे. उपकेंद्रातलीच खोली मिळाली. खिडकीतून समोर रुखमाबाईंचं अंगण, मागे फुटलेला कापूस. रुखमाबाईंनी चहा पाठवला, कपाळाला आठ्या घालून का होईना. त्यांच्या सुनेला, दीपाला, अंगावर दूध नाही. दोन महिन्यांच्या बाळाला पावडरचं देते, तेही शेतालगतच्या हापशीच्या कच्च्या पाण्यात. पाणी उकळत जा म्हणून दोघींना चांगलंच झापलं.

७ नोव्हेंबर
दीपा शहाणी आहे. पाणी उकळते, तेही काढ्यासारखं: पातेलंभर घेऊन अर्ध्यावर येईस्तोवर आटवते. चार बायांत मी तिचं कौतुक केलं. इतकं सरपण काहून जाळून राह्यली, म्हणून सासू कुरकुरते. हापशीचं पाणी तपासायला पाठवलं, तर सरपंच उकंडाभाऊंनी तुम्हाला कोणं सांगतलं होतं, असं विचारलं. या गावाला कोणी भलं केलेलं खपत नाही.

१२ नोव्हेंबर
बाळाचे ओठ निळसर. थंडीने असेल म्हटलं, पण नखंही तशीच. ताप नाही, खोकला नाही. पाण्यातच काही राहत असणार. दीपाला सांगितलं, अजून आटव. मला बघितलं की रुखमाबाई थुंकतात.

१५ नोव्हेंबर
बाळ जांभळं पडलंय. टाचेला सुई टोचली. रक्त लाल नव्हतं. चॉकलेटी. ॲम्ब्युलन्स बोलावते म्हटलं, तर लेकराले टोचून मारता काय, म्हणत रुखमाबाईंनी हाकललं. मला भीती वाटते.

१६ नोव्हेंबर, दुपार
तपासणीचा कागद आला. पाण्यात नायट्रेट. शेतातला युरिया झिरपून हापशीत उतरलाय. तान्ह्या बाळाच्या रक्तात त्याने प्राणवायू टिकत नाही. उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटेल तसं वाढतं.
मीच सांगितलं. मीच.

१६ — चार वाजता
दीपाकडे धावले, दाराला कुलूप. तिला शोधत हापशीवर गेले, बायांना घागरी ओतायला लावल्या — काल म्हणे आटवा, आज म्हणे आटवू नका, मॅडमचं डोस्कं फिरलं — माणसं जमली. उकंडाभाऊंनी कागद फाडला. असं पाणी म्हटल्यावर या गावात पोरगी कोण देईन म्हणाले. मोबाईल हिसकावला. मला खोलीत कोंडून बाहेरून कडी. दीपाला कोणीच सांगितलं नाही —

साडेचार
सासू कापूस वेचायला गेलीय. दीपा एकटी. चूल पेटली. मी खिडकीतून ओरडतेय, पण गल्लीत सोयाबीनचं मळणीयंत्र — ऐकूच जात नाही —
तिने पाहिलं. हसली. पातेलं वाकडं करून दाखवलं, किती आटलं ते. मी मान हलवली, नको, नको — तिला वाटलं, अजून आटायला हवं. पुन्हा चुलीवर ठेवलं —

तळाशी घोटभर उरलंय. पावडर घातली. बाळ मांडीवर. बाटली हातात धरून माझ्याकडे बघतेय, विचारतेय, आता बरोबर का — मी हात हलवते, ती हसून बाटली बाळाच्या तोंडाशी —