राबावरचं काळं तेल

आबा, परवा माझ्या धाकट्याने अंगणात स्कूटरचं तेल बदललं आणि निघालेलं काळं तेल तो सरळ मोरीत ओतायला निघाला. मी ओरडले. "एवढंसं तर हाय, आये," तो म्हणाला. मी डबा काढून घेतला, त्याचं तोंड फडक्याने बांधलं आणि कर्जतच्या गॅरेजात देऊन ये म्हणून त्याला पिटाळलं. सून म्हणाली, केवढी शिस्त आहे तुमची. शिस्त तुमची होती. तिचं कौतुक माझ्या पदरात पडलं आणि ते मला अंगावर पाल पडल्यासारखं वाटलं, म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, पण माझा राग शिळा झालेला नाही.

लढाईची वर्षं. पेट्रोल कुपनावर, नवं इंजिन ऑइल औषधालाही मिळत नाही, आणि आपल्या दारात ती जुनी लॉरी, कर्जतहून चौक गावापर्यंत भाताच्या गोण्या वाहणारी. इंजिन गरम आहे तोवरच तुम्ही खाली शिरता, बूच काढता आणि घमेल्यात ऊन ऊन काळं तेल पडायला लागतं. "येक थेंब भुईवर सांडला तर बघा," हा तुमचा दम. तेल मुरलेल्या जमिनीत गवतसुद्धा उगवत नाही, हे मी तुमच्याच तोंडून ऐकलेलं. राकेलच्या डब्यात ते महिनाभर निवळायचं. मग आई आणि मी वरचं तेल जुन्या लुगड्याच्या चौपदरी धडप्यातून गाळायचो. त्यातलं चांगलं तुम्ही नव्यात मिसळून पुन्हा इंजिनात घालायचात, थोडं गाडीवाले बैलगाडीच्या आसाला न्यायचे, आणि तळाचा गाळ घराच्या खांबांना फासला जायचा, वाळवी लागू नये म्हणून. आईच्या हाताच्या भेगांत ते काळं इतकं बसलं होतं की भाकरी थापण्याआधी ती राखेने हात घासत बसायची.

त्याच हातांना गावात मान होता. लावणीची पहिली मूठ आईने रोवायची, मग बाकीच्या बाया चिखलात उतरायच्या. दुसऱ्यांच्या शेतावरही तिला बोलावणं यायचं. घरचं बियाणं तीच निवडायची, तीच वाळवायची, आणि कणगीला तुम्हालाही हात लावू द्यायची नाही. त्या वैशाखात राब भाजायचा होता. शेण आणि पालापाचोळा पसरून जमीन भाजायची आणि तिथे रोपं करायची, दरवर्षीचंच काम. पण आदल्या दिवशी वळवाची सर आली आणि पाला भिजला. तुम्हाला लॉरी घेऊन जायची घाई. तुम्ही तळाच्या गाळाचे दोन डबे आणून राबावर ओतलेत. आई आडवी आली. "नका वो, रोपं धरायची नाय." तुम्ही म्हणालात, "जळून जातंय ते सगळं. तुला काय कळतंय इंजनातलं?" तिला इंजिनातलं कळत नव्हतं, जमिनीतलं कळत होतं. काडी लावल्यावर धूर एवढा काळा उठला की पलीकडच्या वाडीतली माणसं बघायला आली.

रोपं आली ती खरजेसारखी. इथे झुबका, तिथे टक्कल, आणि वर आलेलीही पिवळी. भावकीतले चार जण बांधावर येऊन उभे राहिले. चुलत्याने विचारलं, "आसं कसं झालं रं?" आणि तुम्ही, एका थेंबासाठी आम्हाला दम भरणारे तुम्ही, आईकडे बोट केलंत. "हिनं बियाणं वल्या कणगीत ठेवलं." आई पदर डोक्यावर ओढून घराकडे चालती झाली. रोपं तुम्ही मामाकडून आणलीत, लावणी झाली, पण पहिली मूठ चुलतीने रोवली. आई बांधावर बसून राहिली. त्या वर्षी तिला कोणी बोलावलं नाही, पुढेही नाही. मरेपर्यंत लोक तिला कुजक्या बियाण्याची म्हणत. तुम्ही ते ऐकत होतात आणि तंबाखू मळत होतात.

आता तुम्हाला ठाऊक नसलेलं सांगते. भाद्रपदात तुम्ही पुन्हा तेल बदलायला काढलंत. आई तापाने निजलेली, गाळायचं काम माझ्या एकटीकडे होतं. मी तेल अगदी स्वच्छ गाळलं. मग राबात जाऊन त्या करपलेल्या जागेची माती आणली, उन्हात वाळवली, पिठाच्या चाळणीने चाळली आणि मूठभर तेलात सोडली. काळ्यात काळं, दिसणार कुठून? ते तुम्ही स्वतःच्या हाताने इंजिनात ओतलंत. आठवड्याच्या आत लोधिवलीजवळ लॉरी कायमची बसली. मिस्त्रीने तळाचं तेल बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाला, "मालक, ही तर शेतातली माती हाय." लॉरी भंगारात गेली. पुढे दुसऱ्याच्या गाड्या हाकताना तुमची मान खाली असायची. मला बरं वाटायचं. अजून वाटतं. तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, आणि मी कधी पस्तावले नाही.

पण बांधावरची एक गोष्ट मी वर लिहायची टाळली. चुलत्याला तुमचं पटलं नव्हतं. तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. "तू व्हतीस ना गं? कणगी वली व्हती ना?" दुसऱ्या दिवशी तुम्ही मला लॉरीत पुढे बसवून खोपोलीच्या बाजाराला नेणार होतात. मी म्हटलं, "व्हय." आईने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मग पदर ओढला. दुसऱ्या दिवशी मी पुढेच बसले, खिडकीशी.

हे पत्र कुठे धाडायचं असतं तरी धाडलं नसतं. खरं तर हे आईलाच लिहायला हवं होतं, पण तिला वाचता येत नव्हतं. आलेलं प्रत्येक पत्र तुम्हीच तिला मोठ्याने वाचून दाखवायचात.