सहावं बोट

बारामती,
शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५

प्रिय तेजश्री,

कशी आहेस? ‘अनेक आशीर्वाद’ लिहायला हात धजावला नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. तुझा फोन बंद आहे आणि काल इंदापूरला घरी आले, तर तू बाहेर आली नाहीस. तुझ्या वडिलांनी चहा पाजला, रागाचा शब्दही काढला नाही. “पोरगी कुणाशी बोलत न्हाय, मॅडम. रंगाच्या बाटल्या माळ्यावर टाकून दिल्यात,” एवढंच म्हणाले.

कॉलेजात सगळं ठीक. कारखाने सुरू झालेत, उसाच्या ट्रॉल्यांमागं एसटी अडकते, त्यामुळे पहिल्या तासाला निम्मा वर्ग रिकामा असतो. तुझी मैत्रीण स्वरूपा माझ्याशी बोलत नाही.

पुढचं तुला माहीत आहे, तरी क्रमानं लिहिते. मला ते लिहायला हवं.

मासळी बाजाराच्या पोस्टरच्या बेचाळीस फायली आल्या. अकरा जणांनी एआयकडून चित्रं करून घेतली होती, विचारल्यावर कबूलही केलं. प्राचार्य सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, “उत्कर्षा मॅडमच्या नजरेतून काही सुटत नाही.” ते ऐकून मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

मग तुझी फाइल उघडली. तराजूत चिलापी मासा ठेवणारा म्हातारीचा हात, त्याला सहा बोटं. एआय बोटांत चुकतं, हे मीच तुम्हाला शिकवलेलं. एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनंही सत्त्याऐंशी टक्के शक्यता दाखवली. मी चित्र पडद्यावर लावलं आणि वर्गाला बोटं मोजायला सांगितली. सगळे मोठ्यानं मोजत होते. ‘सहा’ला हशा पिकला. तू उभी राहून म्हणालीस, “मॅडम, तो हात तसाच आहे.” मी म्हणाले, “बस खाली.”

काल तुमच्या घरून निघाले, तेव्हा शेजारच्या कुशाबाई पाटी घेऊन बाजाराला चालल्या होत्या. थांबून म्हणाल्या, “तुमीच का त्या मॅडम? पोरगी चार दिस माज्यापुढं बसून काढत व्हती. म्या म्हणलं, ते बोट नको काढू गं, लोकं हसत्यात. तर म्हणली, हाय तसंच काढणार.”

मला मान वर करवेना.

पण तेजश्री, खरी गोष्ट अजून लिहिलीच नाही. कुशाबाईंकडून मला नवं काहीच कळलं नाही. वर्गातल्या त्या हशाच्या दुसऱ्याच दिवशी तू चित्राचा मूळ कागद घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी होतीस. पेन्सिलीच्या रेघा, खोडलेलं मनगट, कोपऱ्यात पसरलेला निळा रंग. पाहताक्षणी मला कळलं होतं. तरी मी म्हणाले, “बघून नक्कल काढायला किती वेळ लागतो?” कारण तुझं नाव तोवर प्राचार्यांना कळवून झालं होतं आणि चुकले म्हणायची मला लाज वाटली. अहवालात मी लिहिलं, ‘विद्यार्थिनीने कोणताही खुलासा केला नाही.’ ते खोटं आहे. त्या एका ओळीवर तुझा निकाल रद्द झाला.

आज सकाळी हे सगळं लेखी घेऊन प्राचार्यांकडे गेले. ते वाचून म्हणाले, “असं लिहिलंत तर तुमच्यावर कारवाई करावी लागेल. त्यापेक्षा ‘संशयाचा फायदा’ लिहा. दोघींचंही निभावेल.”

मोह झाला, खोटं कशाला सांगू? पेनचं टोपणही काढलं होतं. पण फायदा माझा झाला असता आणि संशय जन्मभर तुझ्या नावाला चिकटला असता. ‘खोटा अहवाल’ हे शब्द तसेच ठेवले आणि पत्राची पोच घेतली. दुपारी तुझ्यावरचा आदेश मागे घेतला गेला. त्याची प्रत सोबत आहे. माझी चौकशी सोमवारी अकरा वाजता.

वर्गालाही सांगितलं. स्वरूपा उठून बाहेर गेली.

तू सोमवारी यायची गरज नाही. कुशाबाईंनाही आणू नकोस. हात दाखवायला त्यांना कुणापुढं उभं करायचं नाही. जे सांगायचं ते मी सांगेन. परत आलीस तर माझ्या तासाला बसलंच पाहिजे असंही नाही. सुप्रिया मॅडम तुझं काम तपासायला तयार आहेत. आणि हे वाचलंस म्हणून मला माफ करायला हवं, असं मुळीच समजू नकोस.

हे पत्र खासगी नाही. पुढं कधी, कुठंही, कुणी तुझ्या कामावर बोट ठेवलं तर खुशाल दाखव. म्हणूनच खाली ‘तुझी मॅडम’ असं न लिहिता हुद्द्यासकट सही करते.

उत्कर्षा मानसिंग रणवरे
सहायक प्राध्यापक, खोट्या अहवालाची लेखिका